भिवंडीहून माझगावला बिऱ्हाड हलवायचे तर

आमच्या कापडबाजारातील मंडळी मुलांच्या शिक्षणासाठी मुंबईत राहायला जायचे म्हणू लागली की पहिला प्रश्न निघतो जागेचा आणि दुसरा भाड्याचा. खरे तर सर्वांत आधी विचारायला हवा असा एक प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही. हा पैसा कोणत्या खिशातून निघणार, घरच्या की दुकानाच्या? व्यापारी माणसाचे दोन्ही खिसे एकाच सदऱ्याला असतात. त्यामुळे कोणत्या खिशात हात गेला हे त्याला कळत नाही, आणि कळते तेव्हा सीझन हातून गेलेला असतो. या लेखात आम्ही एका ठराविक स्थलांतराचा हिशेब मांडणार आहोत. भिवंडीतून मुंबईच्या पूर्वेकडील गोदीकाठच्या वस्तीत, म्हणजे माझगाव, डॉकयार्ड रोड, रे रोड, कॉटन ग्रीन, शिवडी या पट्ट्यात बिऱ्हाड नेण्याचा. ज्यांना दुसरीकडे जायचे आहे त्यांनी आकडे बदलावेत, रीत तीच राहील.

हाच पट्टा का, याचे कारण उघड आहे. माझगावात बुरहानी कॉलेज आहे. भायखळ्याचे साबू सिद्दीक, नागपाड्याकडचे महाराष्ट्र कॉलेज आणि सीएसएमटीसमोरचे अंजुमन जवळ पडते. हार्बर लाइनची स्टेशने ओळीने आहेत. मंगळदास मार्केट आणि मुळजी जेठा मार्केट हाकेच्या अंतरावर नसले तरी दोन स्टेशनांच्या अंतरावर आहे. शिवाय कापडवाल्याला या किनाऱ्याचे नाते नवे नाही. मुंबई पोर्ट ट्रस्टची स्थापना १८७३ ची. त्यानंतर १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक, पुढे व्हिक्टोरिया डॉक आणि १९१४ मध्ये अलेक्झांड्रा डॉक, म्हणजे आजचे इंदिरा डॉक, खुले झाले. कॉटन ग्रीन हे नाव कापसाच्या व्यापारावरूनच पडले आणि तेथील गोदामांत कापसाच्या गाठी रचल्या जात. आज गाठींच्या जागी माणसे राहायला येत आहेत. गाठी ठेवण्यापूर्वी जे पाहिले जाई, म्हणजे ओल, छप्पर, वाट आणि जामीन, तेच माणसांनीही पाहावे एवढे आमचे म्हणणे आहे.

तीन खाती

वहीचे एक पान घ्यावे आणि त्यावर तीन खाती पाडावीत. पहिले जाणाऱ्या पैशाचे. दलाली, करारनाम्याचा खर्च, टेम्पो, हमाली, रंगरंगोटी असा जो एकदा गेला की परत येत नाही तो पैसा यात लिहावा. दुसरे अडकणाऱ्या पैशाचे. डिपॉझिट यात येते. तो पैसा आपला असतो, पण हाताशी नसतो. तिसरे दरमहा वाढणाऱ्या पैशाचे. भाडे, वीज, पास, शाळेची फी जी भिवंडीत लागत नव्हती किंवा कमी लागत होती, ती यात येते. पुष्कळ लोक डिपॉझिट पहिल्या खात्यात टाकून घाबरतात, किंवा बचत समजून निर्धास्त होतात. दोन्ही चूक. अडकलेल्या पैशाचे खाते वेगळेच असले पाहिजे, कारण घरे बुडतात ती बहुधा तेथे.

समजा भाडे ४०,००० रुपये आणि डिपॉझिट २ लाख आहे. हे आकडे रीत समजण्यासाठी घेतले आहेत, बाजारभाव म्हणून नव्हे. दलाली एका महिन्याच्या भाड्याइतकी, म्हणजे ४०,०००. तीन वर्षांच्या करारावरील मुद्रांक आणि नोंदणी ४,७५०, तो हिशेब पुढे देतो. टेम्पो आणि हमाली २५,००० धरू. रंग, नळ, वायरिंग, डासांच्या जाळ्या यांना ३०,०००. बेरीज ९९,७५० झाली. ऐनवेळच्या खर्चाला १५,००० ठेवू, म्हणजे जाणारा पैसा १,१४,७५०. अडकणारा २ लाख. आणि पहिल्या तीन महिन्यांचे भाडे हाताशी असल्याशिवाय पाय उचलू नये, ते १,२०,०००. एकूण ४,३४,७५० रुपये. चाळीस हजारांचे घर ज्याला परवडते असे वाटते, त्याला हलण्याच्या दिवशी भाड्याच्या जवळजवळ अकरा पट रक्कम मोकळी हवी. शाळा-कॉलेजचे प्रवेश यात धरलेलेच नाहीत.

हे ४ लाख ३५ हजार घरखर्चातून साचवलेले असावेत. सूतवाल्याचे, सायझिंगवाल्याचे, ग्रे कापडवाल्याचे देणे बाकी असताना गल्ल्यातील रोकड आपली नसते, ती त्यांची अमानत असते. त्यातच आता कायद्याचाही चिमटा आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगाकडून घेतलेल्या मालाचे पैसे लेखी करार असल्यास ४५ दिवसांत आणि नसल्यास १५ दिवसांत द्यावे लागतात. मुदत उलटून वर्षअखेरीस बाकी राहिलेली रक्कम त्या वर्षीच्या आयकरात खर्च म्हणून धरता येत नाही, ती प्रत्यक्ष देऊ त्या वर्षीच धरता येते. ही तरतूद २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून लागू झाली तेव्हा कापडबाजारात केवढी धावपळ झाली होती हे वाचकांना आठवत असेल. म्हणजे व्यापाऱ्याचा पैसा घरमालकाला दिला तर पत जाते आणि वर कर भरावा लागतो.

भाडे शून्य, डिपॉझिट भारी

आता मुख्य गोष्टीकडे येतो. माझगाव-डोंगरीकडे जागा शोधायला गेलात की दलाल एक गोड प्रस्ताव हमखास मांडतो. हेवी डिपॉझिट द्या आणि भाडे विसरा. तीस लाख द्या, तीन वर्षे राहा, जाताना तीस लाख घेऊन जा. ऐकणाऱ्याला वाटते की घर फुकट मिळाले.

आमच्या बाजारातील एक तरुण व्यापारी, आमच्या मुलाच्या वयाचा, हाच प्रस्ताव घेऊन आमच्याकडे आला होता. म्हणाला, "चाचा, भाडे शून्य आहे. पैसा सुरक्षित आहे, उलट जपूनच राहील." आम्ही विचारले, "बेटा, तुझा माल वर्षातून किती वेळा फिरतो?" म्हणाला, तीन वेळा. "एका फेऱ्यात खर्च वजा जाता काय सुटते?" म्हणाला, पाच टक्के कुठे गेले नाहीत. मग आम्ही कागद घेतला. तीन फेरे, पाच टक्के, म्हणजे शंभराला वर्षाचे पंधरा. भाड्याच्या घरालाही २ लाख डिपॉझिट लागणारच होते, म्हणून जादा अडकणारे २८ लाख. २८ लाखांवर पंधरा टक्के, ४ लाख २० हजार. बाराने भागा, महिन्याला ३५,०००. म्हणजे शून्य भाड्याच्या घराचे भाडे ३५,००० होते. फक्त ते मालकाला न देता आपल्याच गल्ल्यातून कमी होत होते, म्हणून दिसत नव्हते. ४०,००० च्या घराशी तुलना केली तर महिन्याची बचत ५,००० रुपयांची. आणि या ५,००० साठी ३० लाख रुपये तीन वर्षे दुसऱ्याच्या खिशात.

त्याने हिशेब मान्य केला आणि तरीही पैसे भरले, कारण घरात सर्वांना जागा पसंत पडली होती. रमजानला दोन महिने उरले होते. ईदच्या मालासाठी त्याच्याकडे रोकड राहिली नाही, उधारीचा भाव द्यावा लागला, आणि जो माल शेजारचा दुकानदार रोखीने उचलून स्वस्त विकत होता तोच याच्याकडे महाग पडला. गिऱ्हाईक तुटले. दुसऱ्या वर्षी त्याने जागा सोडून पैसे परत मागितले, तेव्हा मालक म्हणाला की नवा भाडेकरू येऊ द्या, त्याचे डिपॉझिट आले की तुमचे देतो. ही त्या एका मालकाचीच बदनियत होती असे आम्ही म्हणणार नाही. हेवी डिपॉझिटची रीतच तशी आहे. मालक तो पैसा पेटीत ठेवत नाही. लेकीच्या लग्नात किंवा दुसऱ्या जागेत घालतो. आपला पैसा प्रत्यक्षात पुढच्या भाडेकरूच्या खिशात असतो, आणि तो भाडेकरू अजून जन्माला यायचा असतो. त्या मुलाला आठ महिन्यांत, हप्त्याहप्त्याने पैसे मिळाले. मिळाले हे नशीब.

या व्यवहाराला दुसरीही बाजू आहे. मोठी रक्कम मालकाला द्यायची, ती पूर्ण परत घ्यायची आणि मध्यंतरी त्या बदल्यात घर फुकट वापरायचे, हे कर्जावर फायदा घेणे होते, असे म्हणून अनेक उलमा यास सूदच्या हद्दीत धरतात. आम्ही कापड विकतो, फतवा देत नाही. ज्यांना हा व्यवहार करायचा आहे त्यांनी भरवशाच्या आलिमाला सर्व अटी सांगून विचारून घ्यावे, अर्धवट सांगून नव्हे. एवढे मात्र नमूद करतो की सरकारदेखील डिपॉझिटला फुकट समजत नाही. लिव्ह अँड लायसन्स करारावरचे मुद्रांक शुल्क मोजताना परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर दरसाल १० टक्के व्याज कल्पून ते भाड्यात मिळवले जाते आणि एकूण रकमेवर ०.२५ टक्के शुल्क लागते. वरच्या उदाहरणात ३६ महिन्यांचे भाडे १४,४०,०००, दोन लाखांवर तीन वर्षांचे कल्पित व्याज ६०,०००, बेरीज १५ लाख, शुल्क ३,७५०. शहरी भागातील नोंदणी फी १,०००. असे ४,७५०.

कागद

अकरा महिन्यांचा करार केला की नोंदणी लागत नाही, हा समज भिवंडीत जितका पक्का आहे तितकाच मुंबईत. महाराष्ट्रापुरता तो चुकीचा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार कितीही महिन्यांचा असो, तो लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. मालक टाळाटाळ करू लागला तर भांडू नये, हे कलम नम्रपणे वाचून दाखवावे.

डिपॉझिट रोखीने देऊ नये. २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक ठेव रोखीने घेण्यास आयकर कायद्यात मनाई आहे, आणि रोखीने दिलेल्याचा पुरावा शेवटी फक्त अल्लाहला ठाऊक असतो. चेकने किंवा बँकेतून द्यावे आणि ती नोंद करारात उतरवावी. किती दिवसांत परत मिळणार आणि उशीर झाल्यास जागेचा ताबा कोणाकडे राहणार, हेही त्यातच लिहून घ्यावे.

गोदीकाठच्या जुन्या इमारतींत आणखी एक गुंता असतो. जो स्वतःला मालक म्हणवतो तो बहुधा पागडीचा भाडेकरू असतो. पागडीचे देणेघेणे १९९९ च्या कायद्याने मान्य केले, पण त्या भाडेकरूला आपली खोली तिसऱ्याला देण्यासाठी घरमालकाची संमती लागते. म्हणून भाडेपावती पाहावी, पावतीवर कोणाचे नाव आहे ते पाहावे आणि संमतीचे पत्र मागावे. आणि या पट्ट्यातील शेकडो एकर जमीन बंदराची, म्हणजे पूर्वीच्या पोर्ट ट्रस्टची आणि आजच्या मुंबई बंदर प्राधिकरणाची आहे. कित्येक इमारती तिच्या भाडेपट्ट्यावर उभ्या आहेत. भाड्याने राहणाऱ्याला त्याची फार झळ लागत नाही, परंतु जो पागडीने किंवा विकत घ्यायला निघाला आहे त्याने भाडेपट्टा चालू आहे की संपला आहे हे वकिलाकरवी तपासल्याशिवाय बयाणा देऊ नये. विकत घेण्याचा विषय मोठा आहे. तूर्त एवढेच सांगतो की मुंबईत मुद्रांक शुल्क ६ टक्के, घर एकट्या स्त्रीच्या नावे असेल तर ५, आणि नोंदणी फी जास्तीत जास्त ३०,००० आहे.

जागा कधी पाहावी

दलाल जागा दाखवतो ती रविवारी सकाळी, डिसेंबरात. रस्ता मोकळा, हवा गार. आमचे म्हणणे असे की गोदीकाठची जागा तीनदा पाहावी. एकदा रात्री अकरानंतर, म्हणजे मालट्रकांचा आवाज कळेल. एकदा पहाटे, विशेषतः भाऊच्या धक्क्याच्या बाजूला घर असेल तर, कारण मासळीचा बाजार त्याच वेळी भरतो. ज्याला मासळीचा वास चालतो त्याला ताजी मासळी स्वस्तही मिळते, हेही सांगितले पाहिजे.

तिसऱ्यांदा मोठ्या भरतीच्या दिवशी पाहावी, आणि जमल्यास पावसात. भरती दिवसातून दोनदा येते आणि रोज सुमारे पन्नास मिनिटे पुढे सरकते. मोठी भरती कधी, हे चांद पाहणाऱ्याला पंचांगाशिवाय कळते. चांदरात आणि चौदावीचा चांद, यांच्या आगेमागे एक-दोन दिवस. महापालिका पावसाळ्यापूर्वी ४.५ मीटरपेक्षा उंच भरतीचे दिवस जाहीर करते, ती यादी वर्तमानपत्रांत येते. गोष्ट साधी आहे. शहराचे पावसाचे पाणी नाल्यांतून समुद्रात जाते, आणि समुद्रच वर चढला की नाल्याचे तोंड बंद होते. पाणी मागे फिरते आणि सखल गल्लीत शिरते. रे रोडजवळचे ब्रिटानिया पंपिंग स्टेशन हे पाणी उपसण्यासाठीच आहे, पण पंपाची ताकद आणि पावसाचा जोर यांची शर्यत दरवर्षी होते. माझगावच्या डोंगराकडील चढावर घर असेल तर हा प्रश्न नाही. तळमजला घेणाऱ्याने समोरच्या किराणावाल्याला विचारावे, "पाणी कोणत्या पायरीपर्यंत येते?" दलाल लपवील, किराणावाला सांगेल, कारण त्याचा साखरेचा पोता भिजलेला असतो.

समुद्र दिसतो म्हणून जादा भाडे मागितले तर खिडकीत उभे राहून खात्री करावी. पुष्कळ घरांतून समुद्र दिसत नाही, गोदीची भिंत आणि क्रेन दिसते. समुद्राचा खारा वारा मात्र सर्वांना सारखाच मिळतो.

इमारतीच्या प्रकृतीबाबत दयामाया दाखवू नये. २७ सप्टेंबर २०१३ रोजी डॉकयार्ड रोडला महापालिकेचीच एक इमारत कोसळून ६१ माणसे गेली. १६ जुलै २०१९ रोजी डोंगरीत आणखी एक कोसळली. शहर भागातील १९६९ च्या सप्टेंबरअखेरपूर्वीच्या खासगी भाड्याच्या इमारती बहुधा उपकरप्राप्त असतात, त्यांची देखभाल म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाकडे असते. हे मंडळ दर पावसाळ्यापूर्वी अतिधोकादायक इमारतींची यादी काढते. ती पाहावी. गेल्या दोन-तीन वर्षांतील स्ट्रक्चरल ऑडिट झाले आहे का, विचारावे. टेकू लावलेल्या जिन्यावरून वर जाऊन जो भारी डिपॉझिट देतो, त्याची इमारत रिकामी करण्याची नोटीस आली तर त्याने पैसे कोणाकडे मागायचे?

दरमहाचा हिशेब

घर माझगावला गेले तरी लूम आणि गाळा भिवंडीतच राहतो, हे विसरून चालणार नाही. मुलांचा प्रवास वाचला आणि बापाचा सुरू झाला. भिवंडीचे स्टेशन वसई-दिवा मार्गावर, हार्बरशी त्याचा थेट संबंध नाही. डॉकयार्ड रोडहून सँडहर्स्ट रोडला गाडी बदलावी किंवा भायखळ्याला चालत जावे, मध्य रेल्वेने ठाणे अथवा कल्याण, पुढे बस किंवा शेअर रिक्षा. दारापासून दारापर्यंत एका बाजूचे दोन तास धरावेत. पासाचे पैसे थोडे आहेत, वेळेचे जास्त. दुकान रोज चार तास नोकरांवर राहणार असेल तर त्याचीही रक्कम वहीत मांडावी. काही जण आठवड्यातून तीन दिवस भिवंडीत मुक्काम करतात, तेथली एक खोली चालू ठेवतात. मग दोन चुली झाल्या, दोन्हींचे भाडे, वीज आणि गॅस लिहावे. ज्यांचा निर्यातीचा धंदा न्हावा शेव्याशी जोडलेला आहे त्यांना मात्र हा पट्टा सोयीचा झाला आहे. शिवडीहून निघणाऱ्या अटल सेतूचे उद्घाटन १२ जानेवारी २०२४ रोजी झाले. टोल महिन्याच्या हिशेबात धरावा.

विजेचे बिल टोरेंटऐवजी बेस्टचे येईल, पहिल्या महिन्यापासून जुन्या बिलांच्या प्रती मालकाकडून मागून सरासरी काढावी. पाणी पालिकेचे, ठराविक वेळेला येते. ती वेळ पहाटेची असेल तर घरातील बाईमाणसाची झोप हाही खर्चच आहे, आणि जागा पसंत करताना त्यांना नळाखाली उभे करून मगच होकार विचारावा.

सामान

टेम्पोवाल्याशी भाव ठरवताना जीएसटी धरून की सोडून, किती हमाल, कितवा मजला, लिफ्ट आहे की नाही, गल्लीत टेम्पो शिरतो की नाक्यावरून हातगाडी करावी लागते, हे सर्व आधी बोलून घ्यावे. दक्षिण मुंबईत मोठ्या वाहनांना ठराविक वेळांत बंदी असते, त्या वेळा ड्रायव्हरकडून पक्क्या कराव्यात. वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिल लागत नाही. पण जागा उरली म्हणून त्याच टेम्पोत दुकानाचे चार तागे टाकू नयेत. विक्रीचा माल एक लाखाच्या वर गेला की राज्यातल्या राज्यातही ई-वे बिल हवे, आणि रस्त्यात गाडी अडवली तर बिऱ्हाडासकट उभे राहावे लागते.

आता कपड्यांविषयी, कारण हा आमचा विषय. कापडाच्या व्यापारात सुताचा प्रमाण ओलावा ८.५ टक्के धरतात आणि पॉलिएस्टरचा ०.४. म्हणजे सुती कापड हवेतील पाणी ओढते, पॉलिएस्टर ओढत नाही. किनाऱ्यावर पावसाळ्यात ही ओढ आणखी वाढते आणि बुरशी लागते. बुरशीला खायला आवडते ती खळ. म्हणून कांजी केलेले सदरे, चादरी, नवे मलमल तसेच गाठोड्यात बांधून नेऊ नये. धुऊन, खळ काढून, कडक उन्हात वाळवून, गार झाल्यावर घडी करावी. उन्हातून काढून गरमच प्लास्टिकच्या पिशवीत भरले तर आत पाणी सुटते.

जरीची साडी, दुपट्टा, लग्नातली शेरवानी धुतलेल्या मलमलीत गुंडाळावी. वर्तमानपत्रात नको, शाई लागते. प्लास्टिकमध्ये नको, ओल अडकते. खऱ्या जरीत चांदी असते, ती ओलीने आणि हवेतील गंधकाने काळी पडते. डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नयेत, वेगळ्या पुडीत कोपऱ्यात ठेवाव्यात. दोन-तीन महिन्यांनी घडी उलटी करावी, नाहीतर घडीवर जर तुटते. जुन्या कापसाच्या जाड गाद्या शक्यतो नेऊच नयेत. एवढी ओल त्या पितात की पावसाळ्यात दगड होतात आणि हमालीही दुप्पट लागते. भिवंडीत पिंजून, हलक्या करून न्याव्यात किंवा नातलगांना द्याव्यात. लोखंडी कपाटाला, पलंगाला आणि शिलाई मशीनला निघण्यापूर्वीच रंग किंवा तेलाचा हात द्यावा आणि कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटे दूर ठेवावे.

मुहूर्त आम्ही पाहत नाही, सीझन पाहतो. रमजानच्या आधीचे दोन महिने, लग्नसराईचा भर आणि दिवाळीपूर्वीचा काळ व्यापाऱ्याने घर हलवू नये. जून ते सप्टेंबर पाऊस आहे, शिवाय शाळा जूनच्या मध्यावर उघडतात. उरतो परीक्षा संपल्यानंतरचा एप्रिल-मे. त्यासाठी जागेचा शोध जानेवारीतच सुरू करावा, म्हणजे घाईत हेवी डिपॉझिटला मान तुकवावी लागत नाही. शाळा सोडल्याचा दाखला, मतदार यादीसाठी फॉर्म ८, रेशनकार्ड, आधारचा पत्ता आणि बँक, ही कामे नोंदणीकृत करारनामा हाती आल्यावर उरकून घ्यावीत. जीएसटी नोंदणीत राहत्या घराचा पत्ता दिला असेल तर तोही बदलावा.

निघण्याच्या दिवशी भिवंडीच्या घराच्या वीजमीटरचा आकडा आणि माझगावच्या मीटरचा आकडा, दोन्हींचे फोटो काढून ठेवावेत. नव्या घराच्या भिंती, नळ, खिडक्या यांचेही सामान लावण्यापूर्वी काढावेत आणि त्याच रात्री मालकाला पाठवावेत.